तळपायातला गोळा आणि दीड किलोमीटर

फ्रीस्टाइलने सलग दीड किलोमीटर आता होतंय. दम पुरतो, खांदेही तक्रार करत नाहीत. अडतंय ते डाव्या तळपायावर. शेवटच्या लॅप्समध्ये भिंतीला पाय लावून सुटलं की कमानीत गोळा येतो, अंगठा आपोआप आत वळतो आणि टँकचा काठ धरून थांबावं लागतं.

टँकवर सल्ला ठरलेला: केळं खा, लिंबू-सरबत पी. पाण्यातही घाम येतो, त्यामुळे ते मी करतोच. पण अंगातलं मीठ कमी झालं तर गोळा नेमक्या एकाच तळव्यात का यावा? २०११ साली २१० आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग लांब पल्ल्याची शर्यत) स्पर्धकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पेटक्यांचा संबंध शरीरातलं पाणी किंवा सोडियम घटण्याशी लागला नाही. जास्त वेगाशी आणि आधी पेटके येऊन गेलेले असण्याशी लागला.

मला पटलेलं कारण असं. चालताना पावलागणिक तळवा ताणला जातो. किक मारताना बोटं नडगीपासून लांब, मागे ताणलेली, म्हणजे तळव्याचे छोटे स्नायू आखडलेल्या अवस्थेतच राबतात. ते थकले की मज्जातंतूंकडून 'आवळ' हा निरोप येत राहतो आणि 'सोड' म्हणणारा कंडरेकडचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीकडचा) निरोप क्षीण होतो. त्यात भिंतीला जोरात रेटा दिला की संपलंच. थंड पाणी आणि कडक फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) यांनीही भर पडते.

म्हणून किक आता खुब्यातून, पाऊल सैल. बोटं मुद्दाम ताणणं बंद. फिन्सचा सेट छोटा केलाय आणि तोही सुरुवातीला, पाय ताजे असताना. गोळे कमी झालेत, गेलेले नाहीत. आलाच तर अंगठा नडगीकडे ओढून धरतो, मग तळवा चोळतो.

आमच्या बॅचमधल्या एका काकांना मात्र रात्री झोपेत गोळे येतात आणि ते बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. ते प्रकरण किकचं नाही. त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलंय.

मालवणला चिवल्याच्या समुद्रात उतरायचं तर धरायला काठ नसणार. त्यामुळे पुढचे काही आठवडे टँकच्या खोल बाजूला पाठीवर तरंगत अंगठा ओढायचा सराव. सध्या नाकात पाणी जातंय.