ताईच्या धमनीतले मणी

ताईचं बीपी ३६व्या वर्षी १८०/११० निघालं, तीन गोळ्या चालू केल्या तरी खाली येईना, मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) केला तर उजव्या किडनीची धमनी अरुंद झालेली आणि रिपोर्टच्या तळाशी एकच ओळ, व्हॅस्क्युलायटिसची, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज असल्याची शक्यता. त्या एका ओळीवर स्टेरॉइडचा मोठा डोस लिहूनही मिळाला.

गोळ्या सुरू करायच्या आधी आम्ही एका रुमॅटॉलॉजिस्टना (सांधे आणि अशा सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, सूज कुठे आहे? ताप नाही, वजन घटलेलं नाही, ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल, आणि मुख्य म्हणजे धमनीची भिंत कुठेच जाड झालेली नाही. मग त्यांनी फिल्म दाखवली, धमनी अगदी मण्यांच्या माळेसारखी, अरुंद-फुगीर-अरुंद. एफएमडी, म्हणजे फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया. व्हॅस्क्युलायटिसमध्ये रोगप्रतिकारक पेशी भिंतीत शिरून सूज आणतात, इथे भिंतीची बांधणीच वेडीवाकडी असते, त्यामुळे स्टेरॉइडचा काही उपयोग नाही, त्रास मात्र पूर्ण.

गोंधळ होतो हे मला समजतं. ताकायासू हा व्हॅस्क्युलायटिसचा प्रकारही बायकांमध्येच जास्त, तोही किडनीची धमनी आवळतो. पण तो बहुतेकदा महाधमनीतून फाटा निघतो तिथेच पकडतो, मण्यांवाला एफएमडी पुढे मधल्या-शेवटच्या भागात. आणि ईएसआर नॉर्मल म्हणजे व्हॅस्क्युलायटिस नाहीच असं कृपया धरू नका, ताकायासूत रक्त शांत असताना भिंत आतून धुमसत असू शकते, म्हणून भिंत बघायलाच लागते.

पोटातल्या धमन्यांना फुगे आले की पॉलिआर्टरायटिस नोडोसा हा दुसरा व्हॅस्क्युलायटिस वाटतो, पण तसेच फुगे सेगमेंटल आर्टेरियल मीडिओलायसिसमध्येही येतात, तिथे सूज नसते, मधला थरच विरघळत जातो. व्हॅस्क्युलर एलर्स-डॅनलॉस या आनुवंशिक आजारात तर कोलॅजेनच्या, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या जीनमध्येच दोष असतो, त्यात घरातल्या कुणाची धमनी किंवा आतडं अचानक फाटलं होतं का हे विचारणं फार महत्त्वाचं.

ताईची अरुंद धमनी आतून फुगा घालून रुंद केली (अँजिओप्लास्टी), स्टेंट टाकावा लागला नाही, आता एका गोळीवर बीपी ताब्यात आहे. एफएमडी एका जागी सापडला की डोक्यापासून ओटीपोटापर्यंत एकदा स्कॅन करतात, त्यात मानेच्या धमन्यांतही मणी दिसले. कानात ठोक्यांबरोबर सूं सूं आवाज येतो असं ती दोन वर्षं प्रत्येक डॉक्टरला सांगत होती, कागदावर मात्र ते कुणीच लिहून घेतलं नव्हतं.