तात्यांचा फेटा

काल दुपारी दादाने फ्लेक्सचा फोटो टाकला, खाली जोडलेले हात. 'तीन पिढ्यांची निष्ठा' आणि त्याच्यावर तात्या. देवघराशेजारचाच तो ब्लॅक अँड व्हाईट फोटो, फक्त फ्लेक्सवाल्याने फेट्यात रंग भरलाय. कुठला ते लिहीत नाही. लाल नाही एवढंच.

रिप्लाय केला नाही. रात्री झोप मात्र नाही लागली.

तात्या म्हणजे सांगोल्यातले जुने शेकापवाले, लाल झेंड्याच्या शेतकरी कामगार पक्षाचे, आटपाडीच्या पाणी परिषदेला भाकरी बांधून जाणारे. तिथले शेकापचे आमदार गणपतआबा देशमुख 1962 ला पहिल्यांदा आणि मग एकूण अकरा वेळा निवडून आले, मधे पडले तेव्हाही तात्या तिथंच. 2019 ला आबांचा नातू 768 मतांनी पडला तर हा माणूस दोन दिवस धड जेवला नाही. काय मिळालं ओ तुम्हाला असं कुणी विचारलं की म्हणायचे, मिळायला काय लग्नातला आहेर हाय का.

कॉलेजात असताना मी एकदा शहाणपणा केलेला, म्हटलं तात्या, ज्या जेधे-मोरेंनी 1947 ला पक्ष काढला तेच पुढं काँग्रेसमध्ये परत गेले. तंबाखू मळत म्हणाले, "ते गेले. आपण कशाला?"

बास, एवढंच. हे दादाला सांगावं वाटतं, पण कुठल्या तोंडाने? मी पुण्यात, आयुष्यात एक मोर्चा नाही, निष्ठेपायी माझं काहीच अडलेलं नाही. त्याच्या शेतातला विजेचा डीपी जळला की डाळिंब वाळतं आणि फोन ज्याची सत्ता त्यालाच लावावा लागतो. आणि 2022 पासून तर एकेका पक्षाचे दोन झालेत, चिन्ह कुणाचं ते आयोग ठरवतो, मग एकनिष्ठ राहायचं म्हटलं तरी नक्की कुणाशी राहायचं ते तरी सांगा कुणीतरी. आईला म्हटलं तर ती म्हणे फोटो छान आलाय.

तरी तो फेटा डोळ्यापुढनं जात नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा विहीर, बांधावरची लिंबं, सगळं कागदावर आलं. तात्या कुणाच्या वाट्याला ते कुणी लिहिलंच नाही, म्हणजे निम्मे दादाचेही असणार. त्याने त्याचे निम्मे रंगवले म्हणायचं.

माझं मतदान अजून गावातच आहे. दरवेळी स्टँडवर न्यायला दादाच येतो, कुणाला टाकलंस ते विचारत नाही, आणि मटण त्याच्याकडेच असतं.