अर्ध्या मिलिमीटरचा आवाज

खिशात, पुस्तकाच्या पानांत आणि प्रसंगी थेट गिटारच्या पोटात जाऊन बसणारे पिक, म्हणजे गिटारच्या तारा छेडायची चिमुकली पट्टी, ही मुळात हरवण्याचीच वस्तू आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती आणि त्यामुळे त्यावर छापलेला जाडीचा आकडा वाचण्याचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. एकदा नेहमीचे ०.५० मिलिमीटरचे पिक सापडेना, म्हणून १ मिलिमीटरचे उचलले आणि पहिल्याच कॉर्डला, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांच्या पहिल्याच मेळाला, थबकलो. तारा त्याच, गिटार तीच, पण आवाज असा घोगरा आणि भरदार निघाला की तारा उतरल्या की काय, म्हणून मी ट्यूनर काढून पाहिला.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, तर कागदाचे चार-पाच ताव. पण एकाच पदार्थाच्या पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपटीच्या आसपास जातो, आणि सारी गोम इथे आहे. पातळ पिक तारेला टेकताच आधी स्वतः वाकते. तार फारशी ओढली न जाता सुटते आणि त्या सुटण्यात प्लास्टिकची एक बारीक टकटक मिसळते. सहाही तारांवरून हात झरझर फिरत असताना ही टकटक तालाला धरून येते, खर्जाच्या तारा बाकीच्यांवर कुरघोडी करत नाहीत आणि गाणाऱ्याच्या आवाजाला जागा उरते. जाड पिक वाकायला तयार नसते. ते तारेला दूरवर ढकलून सोडते, त्यामुळे आवाज मोठा होतो आणि मूळ स्वर ठसठशीत उमटतो. त्यातच त्याचे टोक बहुधा गोलसर असते. तार अणकुचीदार टोकावरून सुटली की मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे, बारीक स्वरांश अधिक उठतात आणि बोथट टोकावरून सुटली की ते दबतात. मला ऐकू आलेल्या घोगरेपणाचे मूळ तेच असावे.

पदार्थाचाही यात वाटा असतो: तेवढ्याच जाडीचे नायलॉन सेल्युलॉइडपेक्षा अधिक लवते. एके काळी पिकसाठी समुद्री कासवाचे कवच वापरत. १९७३ च्या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारानंतर त्या व्यापाराला चाप बसला, आणि ते योग्यच झाले.

मला मात्र खरी अडचण आली ती हाताची. पातळ पिक वाकून माझ्या मनगटाच्या चुका पोटात घालत होते, हे जाड पिक हाती आल्यावर कळले. पकड जरा घट्ट झाली की ते तारेत अडकायचे, कोन जरा चुकला की एकच तार खेकसायची. बोटे सैल सोडून, पिक तारांना किंचित तिरपे धरायला शिकण्यात कित्येक आठवडे गेले. एकेका तारेवरची धून आता त्यावर स्वच्छ निघते. पातळ पिकवर ती नेहमी अर्धा क्षण मागे राहिल्यासारखी वाटे.

तरीही भरभर कॉर्ड वाजवताना ती टकटक नसली की काहीतरी राहून गेल्यासारखे होते. परवा गिटार उलटी करून हलवली, तेव्हा साउंडहोलमधून तीन पिक पडली. तिन्ही ०.५० ची.