पडलं ते लिही

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण मिळालं आणि पाठोपाठ स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा निरोपही आला. शाळेवर लिहायला बसलो, पण जे लिहायला घ्यावं ते फिरून गणिताच्या बाईंपाशीच येऊन थांबे. इमारत, मैदान, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंवर लिहायचं आहे, तेही एका दुपारबद्दल.

नववीत संभाव्यतेचा धडा चालू होता. बाईंनी गृहपाठ दिला : घरी नाणं शंभर वेळा उडवा आणि छापा पडला की काटा, ते ओळीने लिहून आणा. मला कंटाळा आला. पाच मिनिटांत मनानेच छापा, काटा, काटा, छापा असं लिहून काढलं. खरं वाटावं म्हणून दोन ठिकाणी तीन-तीन छापे सलग टाकले आणि शेवटी मोजून ५१-४९ जमवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वह्या चाळल्या आणि माझी बाजूला ठेवली. वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर मला थांबवलं, पर्समधून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उडव. मी लिहिते."

चाळिशीच्या आसपास काटा पडू लागला तो सलग सात वेळा. मी घाबरलो.

"आता काय पडेल?" बाईंनी विचारलं.

"छापा. आता छापाच पडायला हवा."

"आधी सात काटे पडलेत, हे नाण्याला कोण सांगणार?"

मग त्यांनी समजावलं. शंभर वेळा नाणं उडवलं, तर त्यात कुठे ना कुठे एकच बाजू सलग सहा वेळा पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. पण मनाने लिहिणारा सहा वेळा तेच लिहायला धजावत नाही, त्याला ते खोटं वाटतं. माझ्या वहीत तीनच्या वर सलग काही नव्हतं. त्यावरून बाईंनी ओळखलं होतं.

ऐंशी वेळा उडवून झालं असेल, तेव्हा नाणं बोटांतून निसटलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. मला घरी पळायची घाई. म्हटलं, "बाई, छापा लिहा."

"तू पाहिलंस?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी फूटपट्टीने नाणं ओढायला गेलो तर म्हणाल्या, "ओढू नकोस, उलटेल. आधी बघ." मी फरशीला गाल टेकवून आत पाहिलं. धुळीत, खडूच्या एका तुकड्याला टेकून नाणं पडलेलं होतं. काटा होता. तसं सांगितलं. बाई वाकल्या नाहीत, खात्री करून घ्यायला आल्या नाहीत. आदल्या दिवशी शंभर वेळा खोटं लिहिलेल्या मुलाचा शब्द त्यांनी तसाच कागदावर उतरवला. त्या दिवशी छडी खाल्ली असती, तर एव्हाना विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला जॉन केरिच यांची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारे हे गृहस्थ १९४० साली डेन्मार्कमध्ये होते. जर्मन सैन्याने देश व्यापला आणि ते छावणीत अडकले. तिथे त्यांनी एका सोबत्याच्या मदतीने १०,००० वेळा नाणं उडवून प्रत्येक नोंद ठेवली. छापे पडले ५,०६७. ते सांगताना बाईंचा आवाज जड झाला होता, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढे मी विमा कंपनीत लागलो. अपघातांचे दावे तपासणं हेच माझं काम. चालकाची नजर क्षणभर ढळते, नेमकं त्याच क्षणी कुणीतरी रस्त्यात येतं आणि फाइल माझ्या टेबलावर येते. तशीच नजर माझीही ढळलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हा रस्ता मोकळा होता, इतकंच. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली या प्रश्नाची मांडणी केली, त्याला 'मॉरल लक' म्हणतात. चूक तीच, पण एकाच्या माथी आयुष्यभराचा दोष आणि दुसऱ्याला रात्रीची शांत झोप. हे मी खूप उशिरा वाचलं. पण फाइलवर 'बेजबाबदार' हा शब्द लिहिताना माझा हात त्याआधीपासूनच थांबायचा. तो बाईंनी थांबवलेला आहे.

गेल्या वर्षी मी विभागप्रमुख झालो. सत्कारात सगळे म्हणाले, कष्टाचं चीज झालं. कष्ट केलेच. पण माझ्याइतकेच कष्ट केलेला बाकावरचा मित्र नेमका परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला होता, हेही मला लिहायला हवं. पदाचा आनंद महिन्याभरात ओसरला. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्या २२ जणांचा अभ्यास झाला होता. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. मला मात्र एखादा दावा नीट तपासून, पाहिलं तेवढंच लिहून घरी जाताना आजही बरं वाटतं.

माझी मुलगी हाच धडा मोबाइलवर शिकली. बटण दाबलं की हजार वेळा नाणं उडतं, बेरीज तयार. गणित चोख आहे, पण ते नाणं कधी कपाटाखाली जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाई समारंभाला येणार आहेत, असं कळलं. त्यांच्या अक्षरातला तो कागद मी जपून ठेवला आहे : छापे ४६, काटे ५४. घड्यांवर फाटला आहे, पण सात काट्यांची ओळ अजून वाचता येते. तो घेऊन येतो आहे.