उसण, उडदाची कणीक आणि पर्वतीच्या पायऱ्या

सप्टेंबर २०२३. दिवाळी अंकांचा हंगाम. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे आणि त्या महिन्यात चार अंक एकदम हातात होते. सकाळी नऊला खुर्चीत बसायचं ते रात्री नऊलाच उठायचं. लेखकांच्या दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत होत्या, काहींच्या तर हाताने लिहिलेल्या कागदाचे तिरके फोटो. अशात प्रिंटरच्या कागदाचं एक पुडकं उचलायला वाकलो. पाचशे कागदांचं, अडीच किलोचंही नसेल. आणि कंबरेत उसण भरली. तसाच, काटकोनात वाकलेला, पाच मिनिटं टेबलाला धरून उभा होतो.

घरी आल्यावर आईने निदान केलं आणि उपायही. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लागला की उसण उतरते. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी पायाळू आहे, ही माहिती आईकडे तयार होती. ती पोरगी बिचारी लाजत आली, मी सतरंजीवर पालथा, तिने अंगठ्याने तीनदा पाठीला स्पर्श केला आणि पळाली. रात्री आईने ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी शेकायला दिली. आठवड्याभरात निम्मं दुखणं गेलं. उसण बहुतेक वेळा आपोआपच उतरते, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पण उरलेलं निम्मं हलेना. दिवाळी झाली, डिसेंबर उजाडला. बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीला डॉक्टर क्रॉनिक म्हणतात, म्हणजे माझी रीतसर बढती झाली. एमआरआय काढला. त्यात ‘एल फोर-एल फाइव्ह डिफ्यूज डिस्क बल्ज’ असं लिहिलेलं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांचा मजकूर लावतोय, पण इतका घाबरवणारा मजकूर हाताखालून गेला नव्हता. त्या दिवसापासून मी वाकणंच सोडलं. मोजे बायको घालून द्यायची. शिंक आली की आधी भिंत शोधायचो. स्कूटरवरून उतरून स्पीडब्रेकर चालत ओलांडायचो, लोक बघायचे. एका सेंटरने पंधरा दिवस कंबर ताणायच्या मशिनवर झोपवलं आणि वर पट्टा विकला. पट्टा बांधला की बरं वाटायचं, काढला की कंबर आणखीच लुळी वाटायची.

मग एका मित्राच्या सांगण्यावरून सदाशिव पेठेतल्या वैद्यबाईंकडे गेलो. मला वाटलं, नाडी बघून लगेच तेल सुरू. पण त्यांनी आधी वीस मिनिटं चौकशी केली. लघवी-शौचावरचा ताबा नीट आहे का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येतो का, ताप येतो का, वजन उतरलंय का. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. “यातलं एकही ‘हो’ असतं तर मी तुम्हाला हात न लावता हॉस्पिटलात पाठवलं असतं,” म्हणाल्या. मला पहिल्यांदा जरा हुशारी वाटली.

मग त्यांनी कटिबस्ती सुरू केली. तिच्याबद्दल लोक फार गूढ बोलतात, म्हणून जसं घडतं तसं सांगतो. पालथं झोपायचं. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून तिचं हातभर लांब वळकटं करतात आणि कंबरेवर गोल पाळ बांधतात, विहिरीच्या कठड्यासारखी. त्यात कोमट महानारायण तेल ओततात. निवलं की कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात, पुन्हा गरम करून ओततात. असं अर्धा तास. हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी मला खोकला आला, पाळीला भेग पडली आणि तेलाचा ओघळ बरगडीवरून थेट टेबलावर. मदतनीस मावशींनी ओल्या बोटाने कणीक दाबत नुसतं “काका!” एवढंच म्हटलं. शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी त्या मोजत पडलो होतो आणि कित्येक महिन्यांनी कंबर खरोखर सैल पडली होती.

सात दिवस केलं. आराम खरा होता, पण दुकानात बसलो की चार वाजेपर्यंत संपायचा. हे सांगितल्यावर वैद्यबाई अस्सल पेठी सुरात म्हणाल्या, “सकाळी तेल आणि मग दहा तास खुर्ची करणार असाल तर पैसे वाचवा. अंग मोकळं झालंय तोवर चालायला लागा.” आणि त्यांनीच एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. वैद्याने फिजिओकडे पाठवावं आणि फिजिओने तेलाची टिंगल करू नये, हे मला दोघांचंही मोठेपण वाटलं.

तो फिजिओ माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला. म्हणाला, अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन तपासले तरी चाळिशीतल्या निम्म्या लोकांत डिस्क बल्ज दिसतो. “काका, केस पिकतात तसं आहे हे.” मग दुखतं कशामुळे? तर दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी माझी पाठ आता साध्या वाकण्यालाही घाबरून स्नायू आवळून धरते. इजा कधीच भरून आलीय, सवय राहिलीय. पट्ट्याचं विचारलं, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्येच या दुखण्यासाठी सूचना काढल्यात, म्हणाला, आणि पट्टे व ताणायची मशिनं सरसकट वापरू नका असं त्यात आहे. माझे पंधरा दिवस डोळ्यांसमोरून गेले.

त्याने दिलेलं औषध म्हणजे चालणं. सुरुवात सात मिनिटांनी, बिल्डिंगभोवती. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. दुखलं तर कमी, पण बंद नाही. सोबत मार्जारासन, सेतुबंधासन आणि भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका. मार्चपर्यंत अर्ध्या तासावर आलो आणि मग एका पहाटे पर्वती. १०३ पायऱ्या. वर पोचलो तेव्हा दुखत होतंच, पण भीती खाली राहिली होती. जूनमध्ये त्याने उत्साहाने एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाबद्दल सांगितलं, ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला. कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ लोक. चालणाऱ्यांना दुखणं उलटायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. मी आकडे पाकिटात लिहून ठेवलेत.

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि त्यांच्यामुळे या शहरात दोऱ्या, पट्टे, खुर्च्या घेऊन आसनं करणारे वर्ग गल्लोगल्ली मिळतात. मी तशा एका वर्गाला आठवड्यातून दोनदा जातो. पट्टा पायाच्या तळव्यात अडकवून पाय वर उचलायचा, गुडघा वाकला तरी चालेल. पहिल्या दिवशी माझा पाय जेमतेम टेबलाच्या उंचीला गेला.

मधे एका ओळखीच्याने बिनलेबलची पुडी आणून दिली होती, “शंभर टक्के जडीबुटी” म्हणून. दोन दिवसांत दुखणं गायब. वैद्यबाईंना दाखवली तर त्यांनी ती सरळ केराच्या डब्यात टाकली. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, म्हणाल्या. वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी ही समजूत तिथेच सुटली.

दुकानात आता पाण्याची बाटली ठेवत नाही, लहान पेला ठेवलाय आणि माठ दुसऱ्या टोकाला. तहान लागली की उठावंच लागतं. कामाचा खोळंबा होतो, एका संपादकांनी तसं बोलूनही दाखवलं.

गेल्या दिवाळी अंकांच्या वेळी पुन्हा उसण भरली. यावेळी झोपून राहिलो नाही. ओव्याची पुरचुंडी, संध्याकाळी दहा मिनिटं जिन्याजवळ येरझारा, तिसऱ्या दिवशी दुकान. येरझारा घालत असताना ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी दप्तर घेऊन वर चालली होती. मला कंबरेवर हात ठेवलेला पाहून थांबली.

“काका, येऊ का?”

आईने आतून ऐकलंच. सतरंजी अंथरायला घेतली.