बैकालच्या काठाने

गाडीतला चौथा दिवस

आज माझ्या हातून एक चूक झाली. कुणी काही बोललं नाही, म्हणून जास्त लागली आहे.

काल रात्री ठरलं होतं की बैकाल सरोवर दिसायच्या आधी जो जागा असेल त्याने सगळ्यांना उठवायचं. मी म्हटलं, मी उठवते, मला तशीही गाडीत झोप लागत नाही. शेजारच्या कुपेतल्या काकूंनी दोनदा विचारून घेतलं. "नक्की ना गं? मी या सरोवरासाठीच आलेय." नक्की, म्हटलं.

मॉस्कोत या ट्रान्स-सायबेरियन गाडीत चढलो तेव्हा आम्ही चौदा जण एकमेकांना नावापुरते ओळखत होतो. पण चार बर्थच्या कुपेत तीन रात्री काढल्या की माणूस कळतोच. कोण घोरतं, कुणाच्या गोळ्या किती वाजता, कोण खिडकीची जागा सोडत नाही. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा मोठा बंब आहे, रात्रंदिवस तापलेला. आमच्या गप्पा तिथेच उभ्याउभ्या होतात. डबा सांभाळणाऱ्या बाईंना इथे प्रोवोद्नित्सा म्हणतात. त्या चहासाठी काचेचे पेले देतात, धातूच्या नक्षीदार कोंदणात बसवलेले. गाडीने रूळ बदलला की आतला चमचा किणकिण वाजतो.

वेळेचं मात्र काही जमत नाही. मॉस्कोपासून रशियाच्या पूर्व टोकाच्या व्लादिवोस्तोकपर्यंत ९,२८९ किलोमीटर, आणि तेवढ्यात घड्याळ सात तास पुढे जातं. पूर्वी या मार्गाचं वेळापत्रक सगळीकडे मॉस्कोच्या वेळेनेच असायचं. २०१८ पासून स्थानिक वेळ छापतात. आमच्यातले रेल्वेतून निवृत्त झालेले काका अजून मनगटावर मॉस्कोच ठेवून आहेत. आज आमचे सकाळचे आठ वाजले तेव्हा त्यांच्याकडे पहाटेचे तीन होते.

इर्कुट्स्क सुटलं तेव्हा अंधार होता. पुढे गाडी डोंगर चढली, बोगदे लागले, मग उतार सुरू झाला. जरा उजाडलं होतं. एका वळणावर झाडं बाजूला सरली आणि खूप खाली पाणी दिसलं. पलीकडचा किनारा धुक्यात होता, त्यामुळे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. उतारावर पिवळे झालेले बर्च. जगातलं सगळ्यात खोल सरोवर, १,६४२ मीटर, हे मी वाचून आले होते. तेव्हा तो आकडा आठवलाही नाही. मी काचेला कपाळ टेकून उभी होते. श्वासाने काच धुरकट व्हायची, बाहीने पुसायची, पुन्हा धुरकट व्हायची.

काकूंचं दार चार पावलांवर होतं. विसरले असं म्हणता आलं असतं, पण मी विसरले नव्हते. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या बोळात मी एकटी होते आणि मला ते हवं होतं. आणखी एक वळण, मग उठवते. मग आणखी एक.

स्ल्युद्यांका स्टेशनला गाडी थांबली तेव्हा ती डोंगर उतरून पार पाण्याजवळ आली होती. थांबल्यामुळेच सगळे जागे झाले. काकू शाल गुंडाळून बाहेर आल्या, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "केव्हाची उभी आहेस?" मी खरं ते सांगितलं. त्या मान हलवून खिडकीशी गेल्या.

त्यानंतर दोनेकशे किलोमीटर रूळ काठाकाठानेच जातो. काही ठिकाणी लाटा रुळापासून हाकेच्या अंतरावर. सगळ्यांनी पोटभर पाहिलं. काका सांगत होते, सरोवराला वळसा घालणारा हा रस्ता तयार नव्हता तेव्हा, १९०४ च्या हिवाळ्यात, जपानशी युद्ध चालू असताना गोठलेल्या बैकालवरच रूळ टाकले होते आणि डबे घोड्यांनी ओढून नेले होते. त्या बर्फावर रुळांच्या खाली ओंडके कसे घातले असतील, हे ते बोटांनी दाखवत होते. पण माझं लक्ष लागेना. डोंगरावरून दिसलेलं ते पहिलं पाणी यांच्यापैकी कुणालाच मिळालं नव्हतं.

दुपारी काकू माझ्या बर्थवर येऊन बसल्या. "वरून कसं दिसलं, सांग." मी सांगायला लागले. त्या मधेच अडवायच्या. धुकं पाण्यावर होतं की वर? झाडं कुठल्या बाजूला? रंग कसा, राखाडी की निळसर? मला काही उत्तरं डोळे मिटून आठवावी लागली. अर्धा तास तरी झाला असेल.

आत्ता लिहितेय तर बंबापाशी त्यांचा आवाज येतोय. पलीकडच्या कुपेतल्या दोघी बहिणींना त्या सांगतायत, "आधी झाडं बाजूला झाली, आणि मग एकदम खाली पाणी."