डेल्टा क्रमांक, स्टायरीन आणि खरखरणारी उजवी भिंत

मागच्या नोंदीत जिच्या अस्सलपणाविषयी संशय मांडला होता, ती लॉस एंजेलिसची पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी बूटलेग, म्हणजे बेकायदा नक्कल, नाही असे आता पुराव्यानिशी सांगता येईल. परत पाठवण्यासाठी बांधून ठेवलेले पाकीट सोडले आहे आणि विक्रेत्याला लिहिलेले तक्रारीचे पत्र मसुद्यातच राहिले आहे. तबकडीचे नाव मात्र याही वेळी गुलदस्त्यात राहील. तिची दुसरी, कमी झिजलेली प्रत मला शोधायची आहे, आणि नाव फुटल्यावर भावाचे काय होते हे इथे कोणाला समजावून सांगायला नको.

तसे पाहिले तर नाव झाकणे ही नॉर्दर्न सोलची, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचणाऱ्या इंग्लंडमधल्या चळवळीची, जुनीच रीत आहे. उत्तर इंग्लंडमधले डीजे दुर्मिळ तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवत आणि गायकाचे नाव मनाने ठेवत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आणि बूटलेगवाल्याला माग लागू नये. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ या लेबलवरचे फ्रँक विल्सनचे १९६५ सालचे गाणे असेच एडी फॉस्टर या खोट्या नावाने वाजत होते. त्याच गाण्याची एक मूळ प्रत २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. माझ्या तबकडीची किंमत त्या मानाने अगदीच किरकोळ आहे. तरीही ती मूळ आहे की सत्तरच्या दशकातली नक्कल, या एका प्रश्नाने माझी बरीच झोप उडवली.

पुराव्यांची स्थिती अशी होती. वजन हलके, लेबल दाबलेले नसून वरून चिकटवलेले आणि टकटक केल्यावर येणारा आवाज कोरडा, म्हणजे तबकडी स्टायरीन या प्लास्टिकची आहे याविषयी शंका नव्हती. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत वर्तुळातली एमआर ही अक्षरे, एका बाजूला त्रिकोणासह क्रमांक, म्हणजेच डेल्टा क्रमांक, आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्रमांकापुढे एक्स होता. लॉस एंजेलिसच्या मोनार्क या तबकड्यांच्या कारखान्याची ही ओळख आपल्या परिचयाची आहे. इतके सगळे जुळत असूनही गाण्याच्या ध्रुवपदाला ब्रास वाद्ये आणि गायिकेचा आवाज एकत्र आला की असा कर्कश फाटलेला ध्वनी येई की खोलीत बसवत नसे. विक्रेत्याने दर्जा ‘व्हीजी प्लस’, म्हणजे ‘खूप चांगली’च्याही वरचा, असा दिला होता आणि पृष्ठभाग पाहता तो खोटा म्हणता येत नव्हता. तबकडी आरशासारखी चकाकत होती. दिसायला उत्तम आणि ऐकायला वाईट, हे झिजलेल्या तबकडीवरून उतरवलेल्या नकलेचेही लक्षण असते. त्या वेळच्या अनेक बूटलेग मूळ टेपवरून नव्हे, तर हाताला लागेल त्या तबकडीवरून काढल्या गेल्या, त्यामुळे मूळ प्रतीची खरखरही त्यांच्यात कायमची कोरली गेली.

येथे स्टायरीनचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या व्हायनलवर, म्हणजे नेहमीच्या तबकड्यांच्या प्लास्टिकवर, वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या हातात हा पदार्थ सहसा येत नाही. व्हायनल तापवून साच्यात दाबतात, तर स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात. त्यामुळे उत्पादन झपाट्याने होते, साचे जास्त टिकतात आणि अमेरिकेतल्या सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांच्या, धंद्याला नेमके तेच हवे होते. नवी असताना स्टायरीनची तबकडी उत्तम वाजते, परंतु पदार्थ ठिसूळ असल्याने जड किंवा झिजलेल्या सुईखाली खाचेच्या भिंती फार लवकर खराब होतात, आणि ही झीज डोळ्यांना दिसतेच असे नाही. म्हणजे माझ्यापुढच्या दोन्ही शक्यता, अस्सल पण झिजलेली प्रत आणि झिजलेल्या प्रतीवरून काढलेली नक्कल, कानाला अगदी सारख्याच लागत होत्या.

आधी धुलाई केली. चिकटवलेले लेबल पाण्याने सुटू नये म्हणून त्यावर रबरी कडेची चकती घट्ट बसवून, ऊर्ध्वपातित पाणी आणि अगदी थोडे द्रावण एवढ्यावरच भागवले. स्टायरीनवर अल्कोहोल चालते की नाही यावर पूर्वी इथे बराच वाद झाला आहे. माझे मत असे की, त्याशिवाय निभावत असेल तर धोका पत्करू नये. वाफेच्या यंत्रांची शिफारस करणाऱ्यांनी ती स्वतःच्या तबकड्यांवर खुशाल वापरावीत. धुतल्यावर बारीक टिचक्या गेल्या, ध्रुवपद मात्र होते तसेच फाटलेले राहिले.

त्यानंतर सुई बदलली. ऑर्टोफॉन कंपनीच्या ओएम मालिकेचा मोठा गुण हा की कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला ध्वनी वाचणारा भाग, तोच ठेवून फक्त पुढची सुई काढून दुसरी बसवता येते, त्यामुळे तुलना करताना बाकी काहीच बदलत नाही. या पैशात एवढा उपयोगी पडणारा दुसरा कार्ट्रिज मला माहीत नाही. एरवी मी ओएम १० ची लंबवर्तुळाकार सुई वापरतो. या वेळी मोनो तबकड्यांसाठीची, २५ मायक्रॉनच्या गोल टोकाची डी२५एम बसवली. त्यामागचा विचार सोपा होता. मोठ्या गोल टोकाची सुई खाचेत थोडी वर टेकते. कर्कशपणा मुळातूनच ध्वनिमुद्रित झालेला असेल, तर तो भिंतीच्या सगळ्या उंचीवर सारखाच कोरलेला असणार आणि सुई बदलून त्यात मोठा फरक पडणार नाही. पूर्वीच्या मालकाच्या सुईने भिंतीचा एक पट्टाच खरवडला असेल, तर वरचा भाग शाबूत सापडण्याची शक्यता आहे. फरक पडला. ध्रुवपद स्वच्छ झाले असे म्हणणार नाही, पण गायिकेचे शब्द प्रथमच कळले आणि पाठीमागे व्हायब्राफोन आहे हा शोध लागला. त्या संध्याकाळी तेवढेच चार सूर मी पुन्हा पुन्हा ऐकत बसलो.

तरीही निकाल लागला असे म्हणवेना, कारण मोठ्या गोल सुईने वरचे तीव्र स्वर थोडे बोथट होतात आणि कान त्यालाच सुधारणा समजू शकतो. निर्णायक पुरावा मिळाला तो दोन्ही चॅनेल वेगळे ऐकल्यावर. मोनोचे बटण दाबून ऐकण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की हा प्रयोग सहसा सुचत नाही. स्टिरिओ कार्ट्रिज खाचेच्या दोन भिंती स्वतंत्रपणे वाचतो, आतली भिंत डाव्या चॅनेलला आणि बाहेरची उजव्या चॅनेलला. मोनो तबकडीत दोन्ही भिंतींवर एकच ध्वनी असतो. मोनोत कापलेल्या नकलेत मूळ प्रतीचा फाटलेला ध्वनीही दोन्ही भिंतींवर सारखाच उतरला असता. माझ्या तबकडीत उजवा चॅनेल अतिशय खराब आणि डावा जवळजवळ ऐकण्याजोगा निघाला. अशी एकतर्फी झीज त्याच तबकडीवर, वाईट जुळणीच्या टोनआर्मखाली, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याखाली, झालेली असते. शिवाय मागची बाजू दोन्ही चॅनेलमध्ये निर्मळ आहे, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या अनाम मालकाने एकच बाजू घासूनघासून वाजवली होती.

डेल्टा क्रमांकाचे काम यानंतरचे. मोनार्कचे हे क्रमांक कामे येतील तसे चढत गेले, म्हणून माझ्याकडच्या त्याच शहरातल्या इतर तबकड्या क्रमाने लावून पाहिल्या. ज्यांच्या प्रकाशनाची तारीख नक्की आहे अशा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये ही अचूक बसते. एक सूक्ष्म शंका मी नोंदवून ठेवतो. डेल्टा क्रमांक साच्याबरोबर येतो, तबकडी छापल्याच्या दिवसाबरोबर नाही. त्यामुळे त्याच साच्यावरून नंतर पुन्हा छपाई झाली असल्यास तो क्रमांक ते सांगणार नाही. लेबलच्या कागदाचा पोत आणि शाईची छटा पाहता तसे वाटत नाही, पण दुसरी प्रत शेजारी ठेवल्याशिवाय यावर शिक्का मारणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरातून विचारले गेले. मँचेस्टरजवळच्या ज्या सोल-नाइटला मी जातो तिथे ओव्हीओचा दंडक आहे, म्हणजे मूळ तबकडीच वाजवायची. काहींना हा उच्चभ्रूपणा वाटतो. माझ्या मते या नृत्यचळवळीची सगळी वाढच या दंडकाच्या आधारे झाली आहे. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या सोल सिटी या दुकानात उत्तरेकडून येणारे गिऱ्हाईक नव्या फंकऐवजी साठच्या दशकातली जलद गाणी मागते, हे दुकानाचे मालक आणि संगीतलेखक डेव्ह गॉडिन यांच्या लक्षात आले, आणि १९७० मध्ये त्यांच्या लेखातून नॉर्दर्न सोल हे नाव रूढ झाले. मँचेस्टरचे ट्विस्टेड व्हील हे नाचघर १९७१ च्या आरंभी बंद झाले, मग स्टोक-ऑन-ट्रेंटमधले टॉर्च आले आणि २३ सप्टेंबर १९७३ पासून विगन कॅसिनो या नाचघराच्या रात्री सुरू झाल्या. अमेरिकेत कोणी विचारत नव्हते अशा तबकड्यांवर हजारो कामगार तरुण पहाटेपर्यंत नाचू लागले, मागणी वाढली आणि जुना साठा मर्यादित असल्याने नवे शोध अटळ झाले. ग्लोरिया जोन्स यांच्या १९६५ च्या तबकडीच्या मागच्या बाजूचे ‘टेन्टेड लव्ह’ याच शोधातून नाचघरात पोहोचले आणि पुढे १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले.

पण शोधाची दिशा सर्वांची एक नव्हती. ब्लॅकपूल मेका या नाचघराच्या हायलँड रूममध्ये इयन लेव्हीन आणि कॉलिन कर्टिस या डीजेंनी कारस्टेअर्स या गायकगटाच्या १९७३ च्या गाण्यासारख्या ताज्या तबकड्या वाजवायला सुरुवात केली, तर कॅसिनोत जलद ठेक्याचा आग्रह टिकून राहिला. कॅसिनो ६ डिसेंबर १९८१ ला बंद झाले. पुढे स्टॅफर्डच्या टॉप ऑफ द वर्ल्डमध्ये साठच्या दशकातलीच, पण न ऐकलेली आणि पुष्कळदा संथ गाणी पुढे आली. माझा कल उघडपणे स्टॅफर्डकडे आहे. टाल्कम पावडर शिंपडलेल्या फरशीवर सतत गिरक्या घेण्याइतकी उमेद आता आमच्यापैकी थोड्यांतच उरली आहे आणि मध्यम ठेक्यात गायकाला ऐकायला सवड मिळते.

आता पुढचे बेत. पहिला बेत ही तबकडी पुढच्या सोल-नाइटला वाजवण्याचा होता. तो रद्द केला आहे, कारण नाचघरातल्या जड डीजे-सुईखाली गाण्याची सुरुवात शोधताना तबकडी मागेपुढे फिरवली की स्टायरीनची पहिली काही वळणे पांढरी पडतात. दुसरा बेत ब्रिटिश आवृत्ती मिळवण्याचा होता. ती व्हायनलवर आहे आणि ओव्हीओच्या दंडकातही बसते, पण तिचा सध्याचा भाव पाहिल्यावर तो विचार पुढे ढकलला. तोवर डाव्या चॅनेलवरूनच संगणकात मोनो ध्वनिमुद्रण करून ठेवत आहे, निदान ऐकायला तरी एक धड प्रत होईल.

हे लिहीत असताना स्टॅफर्डचा उल्लेख आला आणि मागची बाजू पुन्हा लावून पाहिली. ती मध्यम ठेक्याची आहे, दोन्ही भिंती शाबूत आहेत आणि आमच्या सोल-नाइटला ती कधी वाजल्याचे मला आठवत नाही. पहिल्या वळणांचा धोका तिलाही आहेच. म्हणून यजमान डीजेशी बोलून माझा स्वतःचा हलका कार्ट्रिज हेडशेलसह, म्हणजे तो बसवण्याच्या खोबणीसह, नेण्याची परवानगी मागितली आहे आणि गाण्याची सुरुवात घरीच पाहून लेबलवर खडूने खूण करणार आहे, म्हणजे तिथे तबकडी मागे फिरवावी लागणार नाही. डी२५एम न्यावी की ओएम १०, हे अजून ठरलेले नाही. मोठ्या ध्वनिव्यवस्थेवर डी२५एमचा खालचा स्वर कसा लागतो याचा अनुभव कोणाला असल्यास जरूर कळवावे. खूण करण्याआधी त्या लेबलवर कोरा कागद चिकटवला जाईल, हे वेगळे सांगायला नको.